तपकिरी रंगाच्या खोक्यावरची बारीक ओळ

थंडी सुरू झाली की केशरंगांच्या जाहिरातींत तपकिरी छटांचा हंगाम येतो. चॉकलेट, चेस्टनट, मोका. आधी लावलेला तपकिरी विटला असेल, तर हिवाळ्यासाठी तो ‘ताजा’ करून घ्या, असा एकूण सूर असतो. आजचा धागा या तपकिरी रंगाच्या इतिहासाविषयी आहे, आणि त्याची सुरुवात खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या एका सूचनेपासून करायची आहे.

पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, असलेल्या केशरंगावर ही सूचना छापणे भारतात नियमाने बंधनकारक आहे. आशय असा: या रंगाने काहींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि तो पापण्यांच्या केसांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. डोक्याच्या केसांसाठी घेतलेल्या खोक्यावर अंधत्वाची भाषा कशासाठी? त्याचे उत्तर १९३३ सालच्या अमेरिकेत आहे. पण तिथे जाण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

केस गडद करण्याची धडपड फार जुनी. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने सांगितलेली एक कृती अशी: शिशाच्या भांड्यात जळवा सडवायच्या आणि ते मिश्रण केसांना लावायचे. लावताना तोंडात तेल धरायचे, नाहीतर दातही काळे पडतात! ग्रीक-रोमन जगात शिशाचे संयुग व चुना यांचा लेपही वापरात होता. २००६ साली फ्रेंच संशोधकांनी तो प्रयोगशाळेत करून पाहिला, तेव्हा केसातील गंधकाशी शिशाचा संयोग होऊन सुमारे ५ नॅनोमीटर आकाराचे काळे स्फटिक केसाच्या आत तयार झालेले दिसले. कृती काम करत होती. शिसे विषारी होते, एवढेच.

आपल्याकडचा मार्ग निराळा. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या प्रकरणाचा आरंभच केशरंजनाने होतो. पांढऱ्या केसांवर माळा आणि दागिने शोभत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद. कृतीत लोखंडाचे भांडे, लोहचूर्ण, आंबवलेले आम्ल आणि आवळा आहे. लोह आणि आवळ्यासारख्या फळातील टॅनिन एकत्र आले की गडद रंग उमटतो. आज घरोघरी मेंदी आवळकाठीबरोबर लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात, तेव्हा हेच रसायन कामाला येते. नुसती मेंदी केस तांबूस करते. तपकिरीकडे ती झुकते ती कढईमुळे.

या साऱ्या उपायांना वेळ लागे आणि हवी ती छटा हमखास मिळत नसे. ते चित्र कोळशाच्या डांबराने पालटले. डांबरातून कृत्रिम रंग काढण्याच्या एकोणिसाव्या शतकातील चढाओढीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन याने १८६३ साली पीपीडीचा तपकिरी रंग देण्याचा गुण नोंदवला. पीपीडी मुळात रंगहीन. त्याचे लहान रेणू केसाच्या आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांशी जुळून मोठे व रंगीत होतात आणि आतच अडकतात. जोडीला रेसॉर्सिनॉलसारखे द्रव्य दिले की काळ्याऐवजी तपकिरी छटा मिळते. पेरॉक्साइड केसाचा मूळ रंगही थोडा फिका करते. म्हणून काही आठवड्यांनी कृत्रिम रंग उतरला की खालची तांबूस झाक वर येते. ‘ताजा’ करण्याची गरज रंग लावतानाच निर्माण झालेली असते.

१९०९ साली पॅरिसमध्ये युजीन श्युलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कंपनी काढली, तिच्या नावाचा अर्थ होता ‘निरुपद्रवी केशरंगांची फ्रेंच कंपनी’. पुढे हीच लॉरेआल झाली. ‘निरुपद्रवी’ हा शब्द थेट नावात घालावासा वाटला, यावरून तेव्हाच्या इतर रंगांची ख्याती काय असेल ते समजते.

आता १९३३. अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यात पीपीडी होते. तो लावलेल्या काही स्त्रियांचे डोळे भयंकर सुजले, एकीची दृष्टी कायमची गेली, एकीचा मृत्यू झाला. सरकारी यंत्रणेला तो बाजारातून काढता येईना, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. अधिकाऱ्यांच्या हाती एवढेच होते, की पीडितेची आधीची आणि नंतरची छायाचित्रे प्रदर्शनात मांडून लोकमत जागे करायचे. जून १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि असा माल जप्त करण्याचा अधिकार मिळाला.

परंतु त्याच कायद्यात एक पळवाट राहिली. डांबरापासून बनलेल्या केशरंगावर ठरावीक इशारा व चाचणीची सूचना छापली असेल, तर तो अपायकारक ठरला तरी त्याच कारणावरून भेसळयुक्त मानता येणार नाही. पापण्या व भुवया मात्र या सवलतीबाहेर. टिकाऊ तपकिरी देणारे दुसरे द्रव्य फारसे हाताशी नव्हते आणि तो विकणारा व्यवसाय तोवर मोठा झाला होता. माझ्या मते ही तडजोड ग्राहकाच्या माथी मारलेली होती: धोका ओळखायचा त्याने, चाचणी घ्यायची त्याने. ती सवलत अमेरिकेत अजून कायम आहे आणि आपल्याकडच्या खोक्यावरची सूचना त्याच इशाऱ्याची भावंड आहे.

(शिशाचेही ऐका. शिशाच्या संयुगाने केस हळूहळू गडद करणाऱ्या रंगांना दिलेली मान्यता मागे घेण्याचा निर्णय अमेरिकेने घेतला तो २०१८ साली. प्लिनीनंतर जवळपास दोन हजार वर्षांनी.)

हिवाळ्यात मेंदी थंड पडते म्हणून अनेकजण ती टाळतात आणि झटपट रंगणारी ‘काळी मेंदी’ आणतात. मेंदीच्या पानात काळा रंग नसतो. अशा पुड्यांत बहुधा पीपीडीच मिसळलेले असते. पुड्यावर हिरवे पान छापलेले असले तरी घटकांची यादी वाचावी आणि चाचणी ४८ तास आधी घ्यावी. एवढा अवधी अशासाठी, की ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. पुरळ उठायला दोन दिवसही लागू शकतात.