‘नीलजिव्हा’ रोगाचीं दोन नांवें

दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतींत मेंढ्यांस होणाऱ्या एका ज्वराचीं दोन नांवें जुन्या लेखांत आढळतात. बोअर शेतकरी त्यास ‘ब्लाउटाँग’, म्हणजे निळी जीभ, म्हणत. सरकारी पशुवैद्य हचिअन यांनीं १९०२ सालीं त्यास मलेरियाचें नांव जोडिलें. १९०५ सालीं स्प्रूल यांनीं शेतकऱ्यांचें नांव उचलून धरिलें व तेंच रूढ झालें. हचिअन यांचें नांव निव्वळ चूक म्हणून टाकून देण्यांत येतें; आमचे मतें हा अन्याय होय.

जीभ निळी पडते ती थोड्याच मेंढ्यांची. ज्वर, तोंडास सूज, आंत व्रण, खुरांची वरील कडा लाल होऊन लंगडणें, हीं नेहमींचीं लक्षणें. आणि लाळ-खुरकुतांतही यांचा भास होतो. १९०६ सालीं थाइलर यांनीं रोगकारक विष सूक्ष्म गाळणींतूनही पार जातें हें दाखविल्यावर मलेरियाचा संबंध तुटला. तथापि त्या नांवांतील दलदलीची खूण खरी होती. सखल, ओल्या जागीं रोग बळावतो हें ओळखून शेतकरी कळप उंचावर नेत, रात्रीं आंत कोंडीत. याचें कारण १९४४ सालीं डु टॉइट यांनीं उलगडिलें: रात्रीं चावणारें क्युलिकॉइडीझ जातीचें बारीक चिलट!

महाराष्ट्रांत हा रोग १९६४ सालीं नोंदला गेला. त्यापूर्वींच्या मोडी कागदांत तोंड येऊन मेंढरें मेल्याचें वाचून कोणी एकदम ‘नीलजिव्हा’ ठरवूं नये. ऋतु कोणता, जागा कशी, आणि त्याच वेळीं गाईबैलांचींही तोंडें आलीं होतीं कीं काय, हें आधीं त्याच दप्तरांत शोधावें.