तेरच्या कापडापासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत



आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला. समुद्र येथून कितीतरी दूर. आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली असता आम्ही भल्या पहाटे ससून डॉक पाहावयास गेलो. बोटींतून मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता, लिलावाचा गलका चालू होता. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते. या बंदराशी आपला काय संबंध?"

प्रश्न मार्मिक होता. त्याला तेथे जे उत्तर दिले तेच आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम या गोदीविषयी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, युरोपचा जलमार्ग जवळ आला आणि मुंबईत आगबोटींची ये-जा वाढली. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. मूळच्या बगदादच्या ज्यू व्यापारी घराण्यातील अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी समुद्रात भर घालून मिळविलेल्या जागेवर बांधलेली ही गोदी १८७५ मध्ये सुरू झाली. पश्चिम भारतातील ही पहिली बंदिस्त गोदी. बंदिस्त गोदी म्हणजे काय? भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे आणि दरवाजे लावून घ्यायचे. मग बाहेर ओहोटी लागली तरी आतले पाणी उतरत नाही आणि मालाची चढउतार अडत नाही. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये आज इंदिरा डॉक म्हणून ओळखली जाणारी गोदी झाली. १९८९ पासून खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तरी मुंबईचे जुने बंदर आजही राबते आहे.

आता आपला संबंध पाहा. गोरोबाकाकांचे तेर आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्राचीन काळी त्याचेच नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरावर जाई व तेथून परदेशी रवाना होई. त्या व्यापाराच्या खुणा तेरच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. म्हणजे बंदराशी आपले नाते नवे नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कापड विणले आपल्या माणसांनी, त्याची नोंद केली परक्याने. विणकरांपैकी एकाचेही नाव त्या ग्रंथात नाही.

पुढे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. आपला भाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. येथल्या कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. पण कापूस पिकविणाऱ्याला त्याचा भाव कोठे आणि कसा ठरतो, हे वाचता येत नव्हते.

तिसरा संबंध माझ्या घरचा. पूर्वी हजयात्रेची जहाजे मुंबईहून जेद्दाला जात. ही समुद्रयात्रा १९९५ नंतर बंद झाली. माझे आजोबा १९७८ साली जहाजाने हजला गेले. मुंबईच्या मुसाफिरखान्यात कागदांची चळत हाती आली आणि ते गोंधळून गेले, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. एका अनोळखी कॉलेजकुमाराने सर्व कागद वाचून दाखविले व भरून दिले. आजोबांनी खाली अंगठा उठविला.

हजहून परतल्यावर त्यांनी गावात जमजमचे पाणी आणि खजूर वाटला. दुसऱ्याच दिवशी, चौथीनंतर घरी बसविलेल्या माझ्या आत्याचा हात धरून ते तिला पुन्हा शाळेत घेऊन गेले. म्हणाले, "माझा कागद परक्याने वाचला. हिचा कागद हीच वाचील." त्याच आत्याने पुढे मला पाटीवर मुळाक्षरे गिरवायला शिकविले. आज मी शिक्षक आहे तो त्या गिरविण्यामुळे.

पालकहो, आपला माल हजारो वर्षे बंदरावर गेला, माणसेही गेली. लेखणी मात्र बहुधा दुसऱ्याच्या हाती राहिली. मुलामुलींना मुंबईचे बंदर अवश्य दाखवा, पण त्याआधी तेर दाखवा. आणि परीक्षा झाली की मुलीचे दप्तर माळ्यावर टाकू नका.