वेंगुर्ले : बंदर किनाऱ्यावर, नशीब घाटात

‘चांगले बंदर कोठे तयार होते?’ असा प्रश्न वर्गात विचारला, तर मुले पाठ्यपुस्तकातले उत्तर देतात : खोल पाणी, दंतुर किनारा, वादळवाऱ्यापासून आडोसा. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे पाहण्यासाठी आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याचा इतिहास तपासू. येथे १८७६ साली नगरपालिका स्थापन झाली. म्हणजे त्या काळी हे गाव महत्त्वाचे होते. तरीही २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा हजारांच्या घरातच होती. असे का झाले?

प्रथम भूगोल पाहू. वेंगुर्ल्याला मोठी, खोल खाडी नाही. समुद्रात घुसलेला डोंगर थोडाफार आडोसा देतो, इतकेच. मोठी जहाजे दूर नांगर टाकत आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर येई. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. त्या काळात बंदर बंदच. पुस्तकी व्याख्येप्रमाणे हे बंदर दुय्यमच ठरेल. मग डच येथे का आले?

याचे उत्तर वेंगुर्ल्यात नाही, गोव्यात आहे. पोर्तुगिजांची कोंडी करण्यासाठी डच आरमार १६३६ पासून हंगामात मांडवीच्या मुखाशी जहाजे उभी करू लागले. समुद्रात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जहाजांना गोडे पाणी, अन्नधान्य आणि ताजी बातमी लागते. मांडवीच्या मुखापासून उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, आदिलशाहीच्या मुलखात, वेंगुर्ले होते. १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे ठाणे केले. १६४८ साली येथून बटाव्हियाकडे गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशानेही गोव्याच्या कोंडीच्या वेळी डच येथून रसद घेत, असे नोंदवले आहे. डच वखारीचे अवशेष आजही गावात उभे आहेत. १६६३ मध्ये डच-पोर्तुगीज लढाई थांबली आणि वखारीचे मुख्य प्रयोजनच संपले. किनारा तोच, समुद्र तोच. बदलले ते फक्त शेजारचे राजकारण.

पुढे १८१२ साली सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी बेळगावला लष्करी छावणी वसवली. पुन्हा वेंगुर्ल्याचे दिवस पालटले, कारण बेळगावकडे जाणारा माल आणि सैन्य उतरवण्यास हे सोयीचे बंदर होते. अडथळा होता सह्याद्रीचा. आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. आधी रामघाटाची वाट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोली घाटाचा गाडीरस्ता झाला. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी खाली येऊ लागला. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाऊ लागली. नगरपालिका स्थापन झाली ती याच भरभराटीच्या काळात.

ही भरभराट टिकली नाही. १८८८ मध्ये मार्मागोव्याहून कॅसलरॉकमार्गे घाट चढणारी रेल्वे खुली झाली. मार्मागोवा वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस जेमतेम ५० किलोमीटरवर. तेथे खोल पाणी होते, आडोसा होता आणि आता दारात आगगाडीही आली. बैलगाडीला घाट चढायला जे कष्ट आणि दिवस लागत, त्यांची रेल्वेच्या डब्याशी बरोबरी कशी होणार? व्यापार सरकला. कोकणातल्या इतर गावांप्रमाणे येथील तरुणांनीही मुंबईची बोट धरली. नकाशावरची एक रेघ बदलली की घराघरांतली माणसे हलतात, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

मग गावाकडे उरले काय? जमीन. तीही जांभ्याची. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत पावसाने मूळ खडकातील सिलिका आणि क्षार धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. तोच हा तांबडा, सच्छिद्र जांभा. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी आटतात, त्याचे एक कारण हेच. अशा कातळउतारावर भात पिकत नाही, पण काजू तग धरतो. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात आणला. अडचण अशी की बीपासून वाढलेले प्रत्येक झाड वेगळे निघते. कोणते भरभरून फळेल याचा भरवसा नसतो. उत्तम झाडाचे गुण जसेच्या तसे हवे असतील, तर कलम करावे लागते.

१९५७ मध्ये येथे फळ संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याने नेमके हेच काम हाती घेतले. १९७४ मध्ये ‘वेंगुर्ला-१’ ही काजूची जात आली, १९८१ मध्ये ‘वेंगुर्ला-४’. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’, तर रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीचा ‘सिंधू’ हे आंबेही येथलेच. जहाजे येईनाशी झाली, पण गावाचे नाव कलमांबरोबर कोकणाबाहेर गेले. पहिले महत्त्व इतरांच्या मार्गांनी दिले होते, म्हणून ते मार्गांबरोबर गेले. दुसरे येथल्याच मातीतून, अभ्यासाने उभे राहिले. आम्हांला हा फरक फार मोलाचा वाटतो.

१९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे गावापासून दूर, सावंतवाडी-कुडाळवरून जाते. २०२१ मध्ये तालुक्यातच चिपी येथे विमानतळ सुरू झाला. नवा मार्ग आला की जमिनीचे भाव आणि लोकांच्या आशा दोन्ही वाढतात. अशा वेळी १८८८ ची आठवण ठेवलेली बरी.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. नकाशावर वेंगुर्ले-बेळगाव आणि मार्मागोवा-बेळगाव या मार्गांवर दोरे ठेवून मुलांना ते मोजू द्यावेत. मग लांबीबरोबर चढ, वाहन आणि पावसाळा यांचाही विचार करून व्यापारी कोणती वाट धरील ते विचारावे. शेवटी आपल्याच गावाबद्दल विचारावे : येथला बाजार कोणत्या रस्त्यामुळे वसला, आणि तो रस्ता उद्या बदलला तर गावाचे स्वतःचे असे काय उरेल?