हुनर हाती आहे, कागद नाही : सोलरच्या कामात शिरायचं तर

छतावरच्या सोलरला खरा वेग आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यावर. उद्दिष्ट एक कोटी घरांचं. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. वीजबिल किती वाचतं याचा हिशोब आता बहुतेक घरांत तोंडपाठ आहे. आम्हाला इथे दुसरा हिशोब मांडायचा आहे: हे पॅनेल बसवणार कोण, आणि त्यात आपल्या पोरांचा वाटा किती?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या कामधंद्यात जास्त आहेत. त्यात वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, वेल्डिंग, एसी-फ्रिजची दुरुस्ती असली कामं ओळखीचीच. पोरं उस्तादाच्या हाताखाली पाच-सहा वर्षं राबून शिकतात. सोलरच्या कामाला लागणारं निम्मं हुनर तिथेच तयार झालेलं असतं. पण अनुदानाची फाइल नोंदणीकृत व्हेंडरच्या नावाने जाते, नेट मीटर महावितरण बसवतं, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद विचारला जातो. कागद नसलेला कारागीर मग कितीही हुशार असो, व्हेंडरकडे हेल्पर म्हणूनच राहतो.

कागद मिळवायचे मार्ग आहेत. सर्वांत भक्कम मार्ग आयटीआयचा. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, त्याला दहावी पास लागते. तारतंत्री म्हणजे वायरमनचा ट्रेडही दोन वर्षांचाच, पण आठवी पासला प्रवेश मिळतो. दहावीत अडकलेल्या मुलाला घरी बसवण्यापेक्षा हे पाहा. या दोन्ही ट्रेडच्या मुलांना महावितरणमध्ये अप्रेंटिस म्हणून घेतात, आणि पुढे वायरमनचा सरकारी परवाना काढता येतो. गल्लीत त्याला अजून ‘पीडब्ल्यूडीचं लायसन्स’ म्हणतात. त्याची चौकशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात करावी.

खास सोलरसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ हे प्रशिक्षण सुरू केलं. तीन महिन्यांचा, ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम. तो आखला गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने. दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलांसाठी तो मोफत ठेवला होता. म्हणून कोणी एजंट ‘सूर्यमित्रची सीट आणि पक्की नोकरी’ म्हणून पैसे मागत असेल तर सरळ उठून यावं.

आणि जे आधीच पंधरा वर्षं काम करतायत त्यांचं काय? त्यांना पुन्हा शाळेत बसायची गरज नाही. कौशल्य विकास योजनेत ‘आरपीएल’ नावाची सोय आहे: पूर्वी शिकलेल्या कामाची छोटी उजळणी, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. मोहल्ल्यातल्या चाळीस वर्षांच्या उस्तादांपर्यंत ही माहिती पोचत नाही, आणि आमच्या मते सगळ्यांत आधी ती त्यांनाच हवी.

कागद म्हणजे नुसती औपचारिकता, असं मात्र समजू नये. घरची वायरिंग येणाऱ्यालाही सोलरमध्ये नवं शिकावं लागतं. घरातला करंट एसी, पॅनेलचा डीसी. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेल वीज बनवत राहतं. तीन किलोवॅटसाठी साधारण साडेपाचशे वॅटचे सहा पॅनेल लागतात. ते ओळीने जोडले की व्होल्टेज अडीचशे ते तीनशेपर्यंत जातं. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी लवकर विझते. डीसीची ठिणगी तशी विझत नाही, कनेक्टर सैल राहिला तर जळत राहते. म्हणून चालू लोडवर डीसी कनेक्टर कधीच उपसायचा नाही. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं द्यावं लागतं. तीन मजल्यांच्या गच्चीच्या कडेला सेफ्टी बेल्टशिवाय उभं राहणाऱ्याला आम्ही तरी धाडसी म्हणणार नाही. बाकी स्लॅबला भोक पाडून गळती लावली की गिऱ्हाईक पाच वर्षं शिव्या देतं, हे वेगळं सांगायला नको.

पाच वर्षं असं म्हटलं, कारण सूर्यघर योजनेत व्हेंडरला पाच वर्षं देखभाल करावी लागते. टिकाऊ रोजगार आम्हाला इथे दिसतो. मोठ्या सोलर पार्कमध्ये उभारणीच्या वेळी शेकडो माणसं लागतात आणि काम संपलं की पहारेकरी, सफाईवाले नि मोजके टेक्निशियन उरतात. ठेकेदाराबरोबर गावोगाव फिरायचं, तेही बहुतेक रोजंदारीवर. याउलट शहरातल्या गच्चीवरच्या सिस्टिमला इन्व्हर्टर बिघडला, पॅनेल धुवायचे आहेत, नेट मीटरचं रीडिंग जुळत नाही, अशा कामाला जवळचाच माणूस लागतो. तरी फक्त ‘सोलर’ शिकू नका, पूर्ण वीजकाम शिका. उद्या अनुदान थांबलं तरी पंखे, मोटारी आणि इलेक्ट्रिक रिक्षांचे चार्जर राहणारच आहेत.

मुलींचा विषय निघाला की ‘गच्चीवर कशी चढणार’ हा प्रश्न येतो. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर बायकांना सोलरचे दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं, आफ्रिकेतून आलेल्या बायकांनासुद्धा. आपल्याकडे डिप्लोमा केलेली मुलगी गच्चीचं माप पाहून सावली कुठे पडते ते काढू शकते, डिझाइन करू शकते, पोर्टलवर फाइल चढवू शकते. लहान व्हेंडरचं काम याच ठिकाणी तुंबलेलं असतं.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि रहिवासाचा पुरावा आधीच काढून ठेवा, आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते पाहा. शेख-शैख, मोहम्मद-मुहम्मदच्या घोळात मुलाची सीट जायला नको.