गव्हाणीतला आकडा

मंडळी, आपल्या नाशिककडे एक गंमत बघायला मिळते. द्राक्षाचा घड तोडायचा की थांबायचं, हे ठरवताना बागायतदार मण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून गोडी वाचतो. डेअरीवर दूध गेलं की फॅट आणि एसएनएफ लागतं, भाव त्यावरच. पण ते दूध ज्यातून येतं ती वैरण? ती आपण शेकड्यावर पेंढ्या मोजून नाहीतर टनावर घेतो. आत काय दडलंय, त्याचा निवाडा डोळ्यांवर आणि हाताच्या चिमटीवर.

वैरणीच्या आत बघायचे प्रयत्न तसे जुने आहेत. जर्मनीत ग्योटिंगेनजवळ वेन्दे इथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी 1860 च्या दशकात एक पद्धत बसवली. चारा आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचा, उरेल त्यातली राख वजा करायची; राहिला तो कच्चा तंतू. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची रीत काढली. त्याला 6.25 ने गुणलं की प्रथिनं. (हा गुणाकार युरियातल्या नायट्रोजनलाही प्रथिनच म्हणतो. पेंडीत युरिया मिसळणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं!) पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी तंतूची अधिक चांगली फोड करून दाखवली. पण उकळणं, गाळणं, जाळणं, तोलणं काही चुकलं नाही. एकेका नमुन्यामागे दिवस जायचे आणि पैसेही.

याचा परिणाम आपल्या शिवारात काय झाला, ते बघा. 1964 मध्ये सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. ताट बुटकं, दाणा भरपूर. दाणा तराजूवर मोजता येत होता, म्हणून त्याची निवड झाली. कडब्याचं पोषण हजारो रोपांमध्ये मोजणार कोण? शेतकरी मात्र रब्बीत मालदांडी सोडायला तयार नव्हता, कारण त्याच्या हिशेबात कणसाखालचं ताटही होतं. हा त्याचा अडाणीपणा नव्हता, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आता यंत्राकडे येऊ. विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला, तर पारा चढला. डोळ्यांना न दिसणारा हाच तो अवरक्त प्रकाश. त्याचा तांबड्याला लागून असलेला भाग पाणी, प्रथिनं, तंतू यांतले रेणूंचे बंध आपापल्या परीनं शोषतात. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात कार्ल नॉरिस यांनी त्यावरून आधी धान्यातला ओलावा ओळखला. मग 1976 मध्ये बार्न्स, मूर आणि शेंक यांच्यासह चाऱ्याची गुणवत्ताही अशी सांगता येते, हे प्रसिद्ध केलं. चारा वाळवायचा, दळायचा, वाटीत भरून प्रकाशासमोर धरायचा. मिनिटभरात आकडे हजर, आम्लाचा थेंबही न लागता.

आपल्या जवळचा दाखला हैदराबादचा. तिथल्या पाटणचेरू इथे आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या मायकेल ब्लूमेल यांनी, ज्वारीवर काम करणाऱ्या इक्रिसॅटमधल्या सहकाऱ्यांबरोबर, शहरातल्या गवळ्यांना विकल्या जाणाऱ्या कडब्याचे भाव आणि त्याची पचनीयता ताडून पाहिली. पचनीयता 47 टक्क्यांवरून 52 वर गेली की भाव चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त चढायचा. म्हणजे प्रयोगशाळेत जे कळत होतं, ते घेणाऱ्याच्या नजरेला बाजारातच कळत होतं! शेकडो नमुने झटपट तपासता येऊ लागल्यावर कडबाही वाणाच्या निवडीत आला.

पण एक मेख आहे, बरं का. हे यंत्र स्वतः काहीच मोजत नाही. आधी शेकडो नमुने जुन्या पद्धतीनं उकळून-गाळून तपासायचे, त्यांचे आकडे यंत्राला शिकवायचे, मग ते अंदाज बांधतं. कडब्यावर शिकलेल्या यंत्रापुढे इगतपुरीचा भाताचा पेंढा ठेवला, तरी ते आकडा देतंच. चांगलं सॉफ्टवेअर ‘हा नमुना अनोळखी आहे’ असा इशारा देतं, पण तो वाचायला तर हवा. त्यात भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर. ती पचनाला आड येते, आणि खनिज असल्यामुळे या प्रकाशाला ती थेट दिसतच नाही. त्यासाठी इगतपुरीचा, त्र्यंबकचा पेंढा आधी भट्टीत जाळून त्याची राखच तोलावी लागते.