पीस आणि चिठ्ठी

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या लेकीबाळींना सांगावेसे वाटते, की हरसूलच्या डोंगरापासून केरळापर्यंत सह्याद्रीच्या रानात एक पक्षी असेच ठिपके मानेवर मिरवीत हिंडतो. हा राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या काळसर पिसांवर मेणासारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात.

ह्या ठिपक्यांनीच त्याचा घात केला. सॅमन मासा धरण्यासाठी विलायती शौकीन गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि रेशीम बांधून खोटी माशी करतात. तिच्या दोन्ही बाजूंस रानकोंबड्याचे एकेक पीस लावले, की डोळ्यांचा भास होतो. १८९५ साली जॉर्ज केल्सनने अशा माश्यांवर ग्रंथच लिहिला.

पिसे साता समुद्रांपार टिकवायची, तर मानेचे कातडेच पिसांसकट सोलावे लागे. चरबी खरवडायची, मीठ किंवा टाकणखार चोळायचा आणि सावलीत वाळवायचे. चरबी राहिली तर कुबट वास, ओल राहिली तर बुरशी. पुढे कसरीचे भय असतेच. म्हणून पैठणीसारखाच बंद डबा आणि डांबराच्या गोळ्या!

१९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपाखरांच्या पिसांची निर्यात बंद केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिले. आता विलायतेतले शौकीन पाळीव रानकोंबड्यांची पिसे वापरतात.

हीच टिकवण्याची विद्या शास्त्रज्ञांनीही वापरली. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पक्ष्यांची कातडी खणांत ठेवली गेली. १९०८ मध्ये एक अनोळखी चिमणी घेऊन तेथे गेलेल्या सालीम अलींना ह्याच खणांनी भुलवले. मात्र तेथे प्रत्येक पक्ष्याच्या पायात चिठ्ठी असे : कोठे मिळाला, केव्हा, कोणी आणला.

त्या चिठ्ठीचे मोल २००९ साली कळले. इंग्लंडातल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून माश्या बांधण्याच्या नादी लागलेल्या एका तरुणाने २९९ पक्षी चोरले. त्यांतले १७४ अखंड सापडले, पण चिठ्ठ्या १०२ च्याच पायांत उरल्या होत्या. चिठ्ठी गेलेल्या पक्ष्याचा रंग तसाच होता. साक्ष मात्र गेली. जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरून सागरात पारा कसा वाढत गेला, हे शास्त्रज्ञांना ताडता आले, ते पिसांसोबत साल आणि ठिकाण लिहिलेले होते म्हणूनच.

मुलांनो, रानात सापडलेले पीस जिथल्या तिथे राहू द्या. वहीत मात्र तारीख, जागा आणि पाखराचे नाव टिपून ठेवा. त्या ओळीला कसर लागत नाही.