सोनाराची फुंकणी

रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत टाकणखार-मणी परीक्षा असते. प्लॅटिनमच्या तारेच्या कडीत टाकणखार वितळवून काचेसारखा मणी करायचा, त्याला अज्ञात क्षाराचा कण लावून पुन्हा तापवायचे आणि रंग पाहायचा. गर्द निळा आला तर कोबाल्ट, हिरवा आला तर क्रोमियम. मुले हे पाठ करतात. पण ही परीक्षा आली कुठून? मूळ शोधत गेलो, तर आपण सोनाराच्या दुकानात पोचतो.

दागिन्याला डाग देताना सोनारापुढे दोन अडचणी असतात. सांध्यावरचा डाग वितळावा, पण दागिना वितळू नये. म्हणून उष्णता नेमक्या जागी पडली पाहिजे. हे काम फुंकणी करते. दिव्याच्या ज्योतीत नळीने हवा फुंकली की ज्योत आडवी, टोकदार आणि फार उष्ण होते. नाकाने श्वास घेत गालांतली हवा सोडत राहायचे, सनईवाला करतो तसेच. दुसरी अडचण अशी की, सोन्याच्या मिश्रणातले तांबे तापले की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि डाग धरत नाही. वितळलेला टाकणखार तो थर विरघळवून टाकतो.

नळीने विस्तव फुंकण्याची कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथील मेरेरुकाच्या थडग्यात (इ. स. पू. २३०० च्या सुमारास) भट्टीभोवती बसून नळ्या फुंकणारे कारागीर कोरलेले आहेत.

अठराव्या शतकात स्वीडनमधील खाणींच्या जाणकारांना खनिजे झटपट ओळखायची होती. भट्टीतल्या परीक्षेला खनिज पुष्कळ लागे आणि वेळही. फुंकणीला मोहरीएवढा कण पुरे. १७५१ मध्ये निकेल शोधणाऱ्या क्रॉनस्टेट यांनी १७५८ च्या आपल्या खनिजशास्त्राच्या ग्रंथात फुंकणीचा भरपूर उपयोग केला. गान यांनी तर कागदाच्या राखेतून फुंकणीने तांब्याचे कण काढून दाखवले. हे पाहणाऱ्या बर्झेलियस यांनी १८२० मध्ये फुंकणीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

त्यांनी नवे काय केले? साधन तेच, टाकणखारही तोच. टाकणखारात विरघळलेला ऑक्साइड सोनाराच्या दृष्टीने काढून टाकायचा मळ होता. रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या रंगावरून धातूचे नाव वाचले. हा टाकणखारही युरोपात दीर्घकाळ तिबेटातून, हिंदुस्थानमार्गे जात असे.

१८५९ मध्ये बुन्सेन आणि किर्खोफ यांनी वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत काढली आणि फुंकणी हळूहळू मागे पडली. पुस्तकात तिचा इतिहास सहसा बर्झेलियसपासून सुरू होतो. ज्यांच्या हाती ती चार हजार वर्षे होती, त्या कारागिरांचा उल्लेख नसतो. मणी परीक्षा शिकवण्यापूर्वी मुलांना एकदा गावातल्या सोनाराकडे न्यावे. आता तिथे बहुधा गॅसची ज्योत दिसेल. पण टाकणखार का लावतात, हे मुलांनी त्यालाच विचारावे.